वीस जुलैची नोंद

बावतीस सर गेल्याचं मला वसईच्या बाजारात कळलं. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी बाई बोंबील निवडता निवडता म्हणाली, "बाय, तुमचे बावतीस मास्तर गेले ना. काल माती दिली. कोनी सांगितलं नाय तुमाला?" मी म्हटलं, "कोण बावतीस? या गावात बावतीस काय एकच आहे?" खरं तर मला कळलं होतं. पण ऐकलेलं लगेच खरं मानायचं नाही, ही माझी जुनी खोड. त्या खोडीपायीच या माणसाशी माझं आठ वर्षं बिनसलेलं होतं...

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी इतिहास. फाटकाशेजारच्या फळ्यावर रोज सकाळी ते दिनविशेष लिहीत. कुठल्या शास्त्रज्ञाचा जन्म, कुठला तह, कुठला शोध, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात एकाखाली एक. मुलं उभ्या उभ्या वाचायची, केळीच्या वाडीकडे निघालेली माणसंही सायकलवरून पाय टेकून थांबायची. मला मात्र शंका यायची. एकाच तारखेला एवढं सगळं कसं जमून येतं? एकदा विचारलंही, "सर, हे सापडतं कुठे तुम्हाला?" "शोधलं की सापडतं, बाई," ते हसून म्हणाले. त्या हसण्यानं संशय वाढलाच. मी त्यांच्या ओळी उतरवून घ्यायला लागले, वाचनालयात जाऊन ताडून पाहायला लागले. चूक कधी सापडली नाही, आणि याचाच मला राग येई.

सत्याहत्तर सालच्या वीस जुलैला ती सापडली. फळ्यावर एकच ओळ होती: मंगळावर यान उतरलं त्याला आज एक वर्ष झालं. चंद्राचं नावच नाही! माणूस चंद्रावर उतरला तीही वीस जुलैच. छापील पुस्तकांत दोन्ही घटना त्याच तारखेला असत. नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी होती. तपासायला आलेल्या साहेबांनी फळ्यापुढे थांबून विचारलं, "इथले विज्ञानशिक्षक चंद्र विसरले वाटतं?" मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी, एकवीसला, चंद्राची ओळ फळ्यावर हजर. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला.

मी म्हटलं, "सर, विसरलो म्हणायला काय हरकत आहे?"

"विसरलो नाही. ते चंद्रावर उतरले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून एकवीस तारीख लागली होती. मंगळावर यान उतरलं तेव्हा मात्र आपल्याकडे वीसचीच संध्याकाळ होती. फळा वसईचा आहे ना, बाई?"

हे ते वह्या तपासत, मान खाली घालून बोलले. एरवी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा हा माणूस. माझ्या मनात ती खाली घातलेली मान रुतून बसली. ही नंतर सुचलेली सबब आहे, असं मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं. आठवड्याभरात फळा माझ्याकडे आला.

तरी चैन पडेना. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उघडून मी वेळा उतरवल्या, तासांची बेरीज केली. सरांचं बरोबर होतं. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. दर वीस जुलैला छापील पुस्तकाबरहुकूम चंद्र आणि मंगळ शेजारी शेजारी लिहीत राहिले. सर येता जाता वाचत आणि पुढे जात.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मात्र मी चंद्र एकवीसला लिहिला. सर थांबले. छत्री मिटायची विसरून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"तपासलंत?"

"आठ वर्षांपूर्वीच."

ते काहीतरी सांगणार होते... तेवढ्यात घंटा झाली. ते जिंकल्याच्या आनंदात असतील, असा तेव्हाही मला संशय आला.

सर गेल्याला महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली, त्या प्रार्थनेनंतर मी त्यांच्या घरी गेले. मारियाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, चहा दिला. मी सगळं सांगून टाकलं: सर बरोबर होते, मला ते ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले.

मारियाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अहो बाई, ते विसरलेच होते. त्या सकाळी मुंबईच्या इस्पितळात माझं ऑपरेशन होतं. शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणी म्हणून तोंड दाखवून आले आणि दुपारी पळत माझ्याकडे. माझ्या खाटेशी बसून त्यांनी ते तासांचं गणित मांडलं. म्हणाले, बाई मला पकडणार, पण गणित तर खरं निघालं!" बोलता बोलता त्यांना हसू आलं, आणि डोळेही भरले. "तुम्हाला सांगायचं सांगायचं म्हणत राहून गेलं."

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी टेबलावर सरांची जाड वही होती, प्रत्येक तारखेला एक पान. मी वीस जुलै काढली. वर शाईनं मंगळाची ओळ होती. तिच्याखाली, त्याच तिरक्या अक्षरात, पेन्सिलीनं: मारियाचं ऑपरेशन. शुद्धीवर आली. पाणी मागितलं.