दीपमालाचं स्थळ

कुसुमताई ठवकरांचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी मैत्रिणीची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको. धरमपेठेतल्या आमच्या बिल्डिंगीत त्या वर राहतात, मी खाली. त्यांच्या गॅलरीतल्या तुळशीचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर टपकायचं. बोलायला गेलं की म्हणायच्या, "तुळशीचंच पाणी आहे न, लतिकाबाई, नालीचं तर नाही?" अशा बाईशी भांडण तरी किती करणार!

त्यांचं माहेर रामटेककडचं. गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करत वाढलेली बाई. वामनराव पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यांच्याशी लग्न होऊन त्या नागपुरात आल्या आणि आल्या आल्या त्यांनी नागपूर ताब्यात घेतलं. गोकुळपेठेच्या बाजारातले भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच भाव उतरवायचे. उन्हाळ्यात त्यांच्या कुरडया गच्चीवर पडल्या की बाकीच्यांनी आपापल्या गाद्या गुंडाळून खाली यायचं, असा अलिखित कायदा होता. त्यांच्यापुढे उभं राहायची हिंमत एकाच माणसात होती, त्यांच्या लेकीत.

दीपमाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी आईशी कडाकडा भांडून जायची आणि दुपारी फोन करून विचारायची, जेवली का म्हणून. तिचं लग्नाचं वय झालं तसं कुसुमताईंनी समाजाच्या वधू-वर मंडळात तिचं नाव घातलं. मंडळाची वेबसाइट होती. संध्याकाळी मायलेकी जिन्यात बसून मोबाइलवर मुलांचे फोटो पाहायच्या आणि हसून हसून लोळायच्या. "हा पाह्य आई, गाडीले टेकून उभा आहे. गाडी शेजाऱ्याची असंन!" हे मी माझ्या स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा तर मलाही बोलावून एक फोटो दाखवला होता. त्या मुलाच्या मिशा पाहून मीही हसले होते.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात पोरगी गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेरवी झाल्यावर वामनराव स्वतः सीताबर्डीला मंडळाच्या ऑफिसात गेले. वेबसाइटचं काम पाहणाऱ्या सौरव नावाच्या मुलानं त्यांच्यासमोर बटण दाबलं आणि दीपमालाचा फोटो पडद्यावरून गेला. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "काढलं."

त्यानंतर त्या घरात दीपमालाचं नावच निघेनासं झालं. कोणी काढलं की वामनराव उठून जायचे. रागानं नव्हे. नुसते चपला घालून खाली यायचे आणि फाटकाशी उभे राहायचे. नातेवाइकांनी ते पाहिलं आणि तेही सांभाळून बोलायला लागले. आपण आईबापाला जपतो आहोत असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. कुसुमताई जिन्यात भेटल्या की मी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलायची, नळाच्या पाण्याबद्दल बोलायची. त्या मान हलवायच्या. माझ्या साड्यांवर पाणी टपकणं बंद झालं होतं आणि त्याचा मला भलताच राग यायचा.

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस वरून हसण्याचा आवाज आला. मी पीठ मळत होते, तशीच भरल्या हातांनी जिन्यात आले. वामनराव पेन्शनच्या कामाला बाहेर गेलेले. कुसुमताई गॅलरीत फोनवर बोलत होत्या.

"राग? राग तर नाकावर आहे जी तिच्या! पण मनात काही ठेवत नाही पोट्टी. हाव, स्वयंपाक येते न. वडाभात तर असा करते की तुम्ही बोटं चाटत राहाल."

बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, हाच पहिला विचार. मी वर गेले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं, "पत्रिका पाहून कळवतो जी" म्हणून फोन ठेवला आणि शांतपणे माझ्याकडे पाहिलं. डोकं अगदी ठिकाणावर होतं.

"कोण होतं?"

"अमरावतीचे लोक. दीपमालाचा बायोडाटा पाहिला म्हणे मंडळाच्या नव्या ॲपवर."

"पण तो तर काढला होता न?"

"मले काय माहीत? निघाला असंन पुन्हा."

"आणि तुम्ही त्याइले खरं सांगितलं नाही? काहून असं करून राहिल्या, कुसुमताई? हे पाप आहे."

त्या खाली बसल्या. "दोन वर्षं झाले, लतिकाबाई. माह्या पोरीचं नाव कोणी घेत नाही. हे घरातून उठून जातात. भाऊ येते तो पावसापाण्याचं बोलते. तुम्ही सिलिंडरचं बोलता. अन् हे लोक विचारतात, ती किती शिकली, तिले काय आवडते, उंची किती आहे. मी सांगते. तेवढा वेळ ती असते न वं."

माझं नाव त्या यादीत होतं आणि ते बरोबर होतं.

फोन येत राहिले. बाई सगळी स्थळं नाकारत होत्या आणि नाकारताना भाव खात होत्या! एक मुलगा पुण्याला होता, तर "आमची एवढ्या दूर नाही जाणार जी." दुसऱ्याचं घर मोठं, दीर-नणंदा फार, तर "आमचीले एवढ्यांचं करणं जमणार नाही." एकाला तर पगारावरून असं काही सुनावलं की मलाच त्या मुलाची दया आली. मी रोज म्हणायची, आता बस करा. त्या रोज म्हणायच्या, एवढा एक. वामनराव घरात असले की फोन बंद असायचा.

मग वर्ध्याच्या उत्तराबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा दुर्गेश वीज कंपनीत होता. अपघातात त्याचा एक पाय अधू झालेला, म्हणून पाच-सात ठिकाणांहून नकार आले होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अशा सरळ बाईला पत्रिका जुळत नाही म्हणून वाटेला लावणं कुसुमताईंना जमलं नाही. मग दोघींचं रोजच बोलणं व्हायला लागलं. लोणच्याचं, गुडघ्यांचं, आणि दीपमालाचं. "तिले एकदा बोलू द्या न आमच्या दुर्गेशशी," असं उत्तराबाई म्हणायच्या. "लाजते जी," कुसुमताई म्हणायच्या. "लॅबमध्ये आहे." "झोपली आहे." "सर्दी झाली तिले."

"याचा शेवट काय होणार आहे, कळते का तुम्हाले?" मी एकदा ओरडले.

"कळते," त्या म्हणाल्या. "सांगीन मी त्याइले. उद्या सांगते."

तो उद्या काही आला नाही. त्याआधी एका रविवारी आमच्या फाटकाशी गाडी थांबली. साठीच्या एक बाई उतरल्या, मागून काठी टेकत एक तरुण उतरला. त्याच्या हातात गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या त्या प्रसिद्ध बिस्किटांचा, डबा होता. "ठवकर वरतंच राहतात का जी? रामटेकले दर्शनाले गेलो होतो. म्हटलं, घरी जाता जाता पोरगी पाहूनच जाऊ."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते घरी नाहीत म्हणून. पण वरून वामनरावांनी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "या न, वर या." पाहुण्याला फाटकावरून परतवणारा माणूस नव्हता तो. मी पाहुण्यांच्या मागून जिना चढले. दुर्गेशला प्रत्येक पायरी जड जात होती, आणि मला वाटत होतं, त्याला जितका वेळ लागेल तितका लागू दे.

"मी दुर्गेशची आई," दारातच उत्तराबाई म्हणाल्या. "दीपमालाले पाहाले आलो. हा गोरसपाक आणला तिच्यासाठी. तिले लय आवडते म्हणून ताईच म्हणाल्या होत्या."

वामनराव दाराची कडी धरून उभे होते. आतून कुसुमताई हात पुसत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वामनरावांना सगळं समजलं असावं.

"माही पोरगी दोन वर्षांआधी वारली," ते म्हणाले.

उत्तराबाईंनी कुसुमताईंकडे पाहिलं. "परवा तर तुम्ही म्हणल्या, तिले सर्दी झाली."

दुर्गेशनं डबा हळूच टेबलावर ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये याची त्यानं काळजी घेतली, आणि तेवढ्यानं मला रडू आलं.

"माह्या पोरानं यवतमाळचं स्थळ सोडलं हिच्यासाठी," उत्तराबाईंचा आवाज फाटला. "रोज विचारे, आज काय म्हणाली तिची आई. आता आम्ही घरी जाऊन कोणाचं सुतक पाळू, सांगा न मले!"

"आई, चल," दुर्गेश म्हणाला. पाणीही न घेता ते गेले. उतरताना तो मायच्या खांद्यावर हात ठेवून उतरला.

वामनराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मंडळाचं ऑफिस उघडायच्या वेळी ते तयार होऊन उभे राहिले. "चल," एवढंच बायकोला म्हणाले. कुसुमताईंनी माझ्या दाराशी येऊन माझा हात धरला, म्हणून मीही गेले.

व्हरायटी चौकाच्या मागे, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस. सौरव चांगला मुलगा आहे, चांगल्या मुलांनीच हे असले घोळ घालायचे असतात.

"काका, खरं सांगू का, तेव्हा आम्ही पुसलंच नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला. "कोणाचंच पुसत नाही. नावापुढे फक्त 'काढलं' अशी खूण करतो. मग ते लोकांना दिसत नाही, पण असते तिथंच."

"काहून?" मी विचारलं.

"मंडळाचंच म्हणणं होतं, काकू. सोयरीक जमली की लोक म्हणतात, नाव काढा. मोडली की महिन्याभरात परत येतात, होतं तसं टाका म्हणतात. मग फोटो, पत्रिका सगळं पुन्हा कोण भरणार? नवीन ॲपमध्ये जुनी माहिती आणली तेव्हा त्या खुणा आणायच्या राहून गेल्या. लग्न झालेल्या बायांनाही स्थळं गेली, एकीचा नवरा इथं भांडायला आला होता. ज्यांच्या तक्रारी आल्या त्यांची नावं आम्ही लगेच काढली. तुमच्याकडून तक्रारच आली नाही, काका. म्हणून दीपमालाताईंचं तसंच राहिलं."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. माझाच तोल गेला. "पुसता येत नसंन तर पुसलं म्हणून सांगता काहून रे? मेलेल्या पोरीचं आहे ते!"

"जाऊ द्या," वामनराव म्हणाले. "आता पूस. मुळासकट."

"मग परत आणता येणार नाही, काका. फोटो, पत्रिका, सगळं जाईल. माझ्याकडेही राहणार नाही."

"पूस."

सौरवनं काहीतरी टाइप केलं आणि थांबला. "दोन दीपमाला दिसून राहिल्या. पूर्ण नाव सांगता का?"

मला वाटलं, वामनराव आता उठतील, चपला घालतील आणि खाली रस्त्यावर जाऊन उभे राहतील. मी सांगणार होते नाव, पण कुसुमताईंनी माझ्या मनगटावर बोटं रोवली. त्या खुर्चीत पूर्ण वळून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"दीपमाला," वामनराव म्हणाले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "दीपमाला वामनराव ठवकर."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव आम्ही ऐकलं नव्हतं. कुसुमताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि चेहरा मात्र हसल्यासारखा झाला. त्यांनी नवऱ्याची बाही धरली.

"अजी, अजून एकदा म्हणा न," त्या म्हणाल्या.

"आता गरज नाही, काकू," सौरव पडद्याकडे पाहत म्हणाला. "पुसून झालं."