टबातली गांडुळं गेली कुठे?

आधी कबूल करा, कोंबडीची बाजू घेणार नाही, मगच सांगतो. मोखाड्याच्या आमच्या ऑफिसात मी थापाड्या म्हणून ओळखला जातो. पण हा किस्सा खरा आहे, आणि तिथेच घात झाला.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायची हौस आली. जव्हारहून शेणासकट पिशवीभर गांडुळं आणली, भरल्या जीपमध्ये, मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईने विचारलं, "मिठाई का?" मी म्हटलं, "सासरे यायचेत ना, त्यांच्यासाठी."

परसात जुना टब मांडला. रोज केळीची सालं, चहाचा चोथा. तसा आमच्याकडे कचरा उरतच नाही, उरलंसुरलं कोंबड्या खातात. म्हणून गांडुळांसाठी मीच चार केळी जास्त खाऊ लागलो. बायको म्हणाली, "माझं कधी इतकं बघितलं नाहीत."

काही महिन्यांत टब वळवळू लागला. ऑफिसात सांगितलं, "हजारावर आहेत." कोणी फाईलमधून मान वर केली नाही. साहेब तेवढे म्हणाले, "रविवारी येतो बघायला. नसली, तर यापुढे तुझी एकही गोष्ट ऐकणार नाही."

आता सांगा, माझ्यासारख्याची गोष्टच बंद केली, तर उरतं काय?

त्याच आठवड्यात दाभोशाहून सासरे खरोखरच आले. त्यांना पाणी द्यायच्या आधी टबाशी नेलं. ते वाकून बघतच राहिले.

"इतकी? खास पालली, जावयबापू?"

"मग काय मामा, खास."

आणि सवयीने पुढे जोडलं, "सगळं तुमचंच आहे. लाजू नका."

दुसऱ्या दिवसापासून गांडुळं घटू लागली. सालं जागेवर, खाणारे गायब. उकाड्याने पळाली? खाली उतरली? मी भिंग घेऊन टबापाशी बसू लागलो. मग तांबडी कोंबडी दिसली. माझ्याकडे बघेना. साऱ्या कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. तरी घट चालूच.

"अहो, ती तांबडी तर अंड्यांवर बसलीय," बायको म्हणाली.

"बसल्या जागीच कट शिजतात."

सुख एकच होतं. सासरे रोज सकाळी बंधाऱ्यावर गळ टाकून बसायचे. घरी आलो की माशाचं कालवण तयार. मी तीनतीनदा वाढून घ्यायचो.

"मामा, इथल्या माशांना ही चव कुठून?"

"खाना चांगला मिलतो त्यांना," सासरे म्हणायचे.

रविवारी साहेब आले. टब उपसला. एकच गांडूळ निघालं, तेही बारकं.

"हे हजार?"

मी डालग्याकडे बोट केलं. तेवढ्यात गळ खांद्यावर टाकून सासरे आले आणि त्यांनी तेही गांडूळ उचललं.

"मामा, अहो हे कशाला?"

"गलाला. तुमीच बोल्ले ना, लाजू नका? सासऱ्यासाठी गलाचा खाना पाललाय, असा जावई आख्ख्या दाभोशात नाय."

साहेबांनी टबात डोकावलं. "म्हणजे होती खरी. मग आता कुठायत?"

सासऱ्यांनी शांतपणे माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

"गोष्ट खरी," साहेब म्हणाले, "पण पुरावा तूच खाल्लास." आणि जेवायला थांबले.

कोंबड्या सोडताना लक्षात आलं, या सगळ्यात मी एकदाच अक्षर न् अक्षर खरं बोललो होतो. जीपमधल्या त्या बाईशी. आणि तेही थाप म्हणून.