राजाचे पाय आणि माझे बूट

ग्रीक नाटकातल्या त्या राजाला मी पहिल्यांदा पाहिलं ते अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या एका गॅरेजमध्ये. राजा एरवी डेटाबेसचं काम करायचा. त्याच्या हातात चहाचा कागदी कप होता, आणि संवाद पाठ नाहीत म्हणून माझी मुलगी त्याच्यावर ओरडत होती. मुलगी इथेच जन्मली. कॉलेजात तिने नाटक आणि प्राचीन ग्रीस असे विषय घेतले तेव्हा मी विचारलं होतं, "यातलं दुकानात काय मांडता येईल?" त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी तिने एक ग्रीक शोकांतिका मराठीत बसवायला घेतली होती. तिचं पहिलं नाटक.

मी तालमीला वडे घेऊन जायचो, आणि गोष्ट मला तिथेच कळली. नगरात रोगराई माजलेली असते, कारण जुन्या राजाचा खुनी नगरातच लपून बसलाय. नवा राजा भर चौकात शपथ घेतो, की खुनी कोणीही असो, मी त्याला हाकलून देणार. एक आंधळा ज्योतिषी त्याला सांगतो की बाबा रे, खोदू नकोस. राजा त्याच्यावरच उखडतो. शेवटी खुनी राजा स्वतःच निघतो. त्याचं भविष्य जन्माच्या वेळीच सांगितलेलं असतं, आणि ते टाळायला सगळे जी धडपड करतात तिनेच ते खरं होतं.

"मूर्ख माणूस," मी म्हणालो. "मला दहा मिनिटांत कळलं, याला कळत नाही?"

"दॅट्स द पॉइंट, बाबा."

"पॉइंट कसला! हा आमच्या बाजारात, ओक ट्री रोडवर असता तर सहा महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं असतं."

हे बोलताना माझे दोन्ही पाय ठणकत होते. बूट चावत होते. त्या बुटांची हकिकत अशी.

श्रावणात मला आउटलेटमध्ये काळे, चामड्याचे, उत्तम बूट मिळाले. मॅनेजरशी पाऊण तास घासाघीस करून मिळवले. ज्या देशात किमतीची चिठ्ठी म्हणजे देववाणी मानतात, तिथे मी ती चिठ्ठी वाकवली, आणि हे मी ज्याला त्याला सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, गावभर सांगत सुटू नका. सगळे तेच बूट आणतील आणि गणपतीत एका ढिगात पडतील." तिचं म्हणणं खरं झालं. महिन्याभरात मंडळातल्या सात-आठ जणांच्या पायांत तेच बूट आले. त्यांत एक गृहस्थ असे होते ज्यांच्याशी माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं. माझं भांड्यांचं आणि पूजासाहित्याचं दुकान. कोपऱ्यावरची जागा मला जवळजवळ मिळालेली होती. मालकाशी शब्द झाला होता, फक्त सही बाकी होती, आणि या गृहस्थांनी रातोरात तिथे मिठाईचं दुकान थाटलं. रस्त्यावरून जाताना तो कोपरा दिसला की माझा रक्तदाब आजही वाढतो.

तर, मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गणपती होता. आमच्याकडे सगळे गॅरेजमध्ये पादत्राणं काढून घरात जातात, त्यामुळे आरतीच्या वेळी तिथे शंभर-दीडशे जोड पसरलेले असतात. बायकोचा इशारा मला आठवला. मी शहाणपणा केला. बूट ढिगात न ठेवता थेट मागे, रिसायकलिंगच्या डब्याआड नेऊन ठेवले.

आत आरतीचं तबक पहिल्यांदा कोणाच्या हाती दिलं? मिठाईवाल्याच्या! त्या घरच्या सगळ्या समया माझ्या दुकानातून, वर सूट दिलेल्या. मी तडक बाहेर पडलो, डब्याआडचे बूट पायांत कोंबले आणि गाडीत जाऊन बसलो.

घरी आल्यावर पाहिलं, तर तळव्यावर नऊचा आकडा. माझे बूट दहा नंबरचे. म्हणजे माझ्याआधी कोणीतरी माझे घालून गेला आणि हे आपले माझ्या गळ्यात मारले. कोण ते मला लगेच कळलं. आरतीच्या आधी मिठाईवाला गाडी हलवायला बाहेर गेला होता.

मंडळाच्या ग्रुपवर मी त्याच दिवशी लिहिलं: "माझे बूट ज्याने पळवले तो सापडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. जो दोषी ठरेल, मग तो कितीही मोठा मिठाईचा व्यापारी असो, त्याने यंदा कार्यक्रमाच्या हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. दारावर मी स्वतः उभा असेन." बावीस जणांनी होकाराचा अंगठा टाकला. ते नऊ नंबरचे बूट मी रोज घालून हिंडू लागलो. मुद्देमालच होता तो, लोकांना दिसायला नको?

मग मी अध्यक्षांच्या मागे लागलो, की गॅरेजमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवा. ते आज दाखवतो, उद्या दाखवतो करत राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, ड्रॉप इट. नवे घ्या ना यार."

"तू पाहिलंयस वाटतं ते?"

"बाबा, मी सांगतेय ना. सोडून द्या."

"तुझ्या नाटकाला पेढे त्यांच्याकडून फुकट येणार आहेत, म्हणून तू त्यांची बाजू घेतेस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. अशी नजर तालमीत त्या ज्योतिष्याचं काम करणाऱ्या काकांना जमत नव्हती.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अध्यक्ष कंटाळून तयार झाले. मी अट घातली की रेकॉर्डिंग मोठ्या टीव्हीवर, साक्षीदारांसमोर आणि मिठाईवाल्याला बोलावूनच बघायचं. अध्यक्षांच्या बायकोने चहा केला. आम्ही आठजण सोफ्यावर दाटीवाटीने बसलो.

पडद्यावर आधी मी दिसलो, चोरासारखा इकडेतिकडे बघत बूट डब्याआड ठेवताना. थोड्या वेळाने मिठाईवाला गाडी हलवून परत आला. तोही इकडेतिकडे बघत डब्याकडे गेला आणि आपले बूट माझ्या बुटांच्या पुढे ठेवून आत गेला. मग आरती सुरू झाली आणि गॅरेज रिकामं पडलं. मग दार धाडकन उघडलं. एक माणूस पाय आपटत आला, पुढचाच जोड पायांत कोंबला आणि निघून गेला. त्याच्या आधी बूट घालून कोणीही गेलं नव्हतं.

"हा कोण टकल्या?" मी विचारलं. मागून, वरून, मी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

बायको म्हणाली, "काखेत कळसा, दुसरं काय."

मिठाईवाल्याने गॅरेजमधून आपला बूट आणला आणि त्याच्या पुढच्या भागातून कागदी रुमालाचा बोळा काढून टीपॉयवर ठेवला. गेले दोन आठवडे तो माझे दहा नंबरचे बूट बोळे कोंबून घालत होता.

"अहो, मग बोलला का नाहीत?" माझ्या तोंडून निघालं.

"आठ वर्षं बोललो नाही," तो म्हणाला. "बुटांवरून कशाला सुरुवात करायची?"

तिथेच अदलाबदल झाली. माझी बोटं पंधरा दिवसांनी सरळ झाली. गाडीत मुलगी म्हणाली की त्या राजाचेही पाय लहानपणापासून सुजलेले होते. मी म्हटलं, हे तालमीत सांगायचं होतंस.

पण खरा प्रश्न आता होता. शनिवारी तिचं पहिलं नाटक, आणि दोषी माणसाने हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नव्हतं. बावीस अंगठ्यांचा शब्द होता.

"कोणी काही म्हणणार नाही, बाबा. तुम्ही या."

"मी म्हणेन," मी म्हणालो. "पण हॉल म्हणजे खुर्च्या. लॉबी म्हणजे हॉल नव्हे. उंबऱ्याचं बोलता येईल."

"द किंग डझन्ट निगोशिएट, बाबा."

"म्हणून तर त्याचं तसं झालं!"

शनिवारी मी कबूल केल्याप्रमाणे दारावर उभा राहिलो, फक्त बाहेरच्या बाजूने. पण नाटक सुरू होताच, हॉल ज्या शाळेचा तिच्या माणसाने जड दारं लावून घेतली. दारात हातभर काचेची पट्टी होती. तिच्यातून मला राजा दिसत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज मात्र काहीच नाही. मुलीने वर्षभर घासलेला एक शब्दही मला ऐकू येत नव्हता. आत पाऊल न ठेवण्याची शिक्षा मला मान्य होती, कानांची मात्र मी धरली नव्हती.

एवढ्यात दार किलकिलं झालं आणि मिठाईवाला बाहेर आला. माझ्याकडे न बघता तो वाकला, उजव्या पायातला बूट काढला आणि दाराच्या फटीत अडकवला. आतून राजाचा आवाज आला, संवाद चोख पाठ. बाजूला विंगेत मुलीची सावली हलली.

तो एक पाय मोज्यात ठेवून माझ्या शेजारी उभा राहिला.

"कोपऱ्याची जागा मी विसरलेलो नाही," मी हळूच म्हणालो.

"माहितेय. जाताना बुटाचा नंबर तेवढा बघून घ्या."