आमरीवरचा भंडारा

आटपाडीकडच्या धुळा मेटकरींची समीक्षा मुळात भिडस्त नव्हतीच. सातारच्या एका कॉलेजात जुन्या वनस्पतिसंग्रहाचे फोटो काढून संगणकावर चढवायचं काम तिला लागलं, आणि बघता बघता कपाटांच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला आल्या. कागदांवर शिवून ठेवलेली वाळकी रोपं ती तान्हं पोर उचलावं तशी उचलायची.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. तिचं हत्यार कॅमेरा. वडिलांनी, आबांनी, बांधून दिलेला बिरोबाचा भंडारा तिनं मोठ्या थाटात कॅमेऱ्यावर उधळला, आणि डोक्यावर पंखा गरगरतोय याचं भान काही बाईंना राहिलं नाही! खाली पांढऱ्या आमरीचा, म्हणजे रानातल्या ऑर्किडचा, कागद होता. डोंगरमाथ्यावरच्या ज्या कातळसड्यावरून ती आणली तिथं आता हॉटेल उभं आहे; तिथली आमरी उरली ती एवढीच. वाळून पिंगट झालेली फुलं हळदीनं पिवळीधमक झाली. मऊ ब्रश लावला, तर पाकळीच सुटायला लागली. समीक्षानं ब्रश तिथंच ठेवला.

विभागप्रमुख राजवर्धन सरांनी कपाळाला हात लावला. "फोटोतला पिवळा रंग संगणकावर घालवून टाक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की, सर. हाय तेच फोटोत दिसाय पायजे. आज हळद घालवली, तर उद्या किडीनं खाल्लेलं पान बी भरून काढू."

"पुढच्या महिन्यात तुझी मुदत वाढवायचीय. वरच्यांना काय सांगू मी?"

सर वाईट नव्हते, त्यांना तिचीच काळजी होती. आणि नोकरी तिला हवीच होती, जीव तोडून हवी होती. तरी तिनं फोटो होता तसा चढवला आणि खाली लिहिलं: 'फुलं मूळची पांढरी. पिवळा रंग भंडाऱ्याचा. चूक माझी. समीक्षा धुळा मेटकरी.'

संध्याकाळी फोनवर हे ऐकून आबा कळवळले. "माझ्या भंडाऱ्यानं तुझं काम जातंय व्हय गं?"

"गेलं तर दुसरं बघीन, आबा. पर लबाड फोटो माझ्या नावावर नको."

 आबांनी हळूच विचारलं, "नाव पुरं लिवलंस न्हवं? माझं धरून?"

"व्हय की."

"मग लय बेस केलंस, खरं लिवलंस ते."