सवाष्णीचा हात

शिफ्ट सुरू झाली की शशिकलाताई आधी प्रेस मशीनला एक थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ गं सवती, दिस उगवला." मोटारींच्या दारांसाठी बिजागऱ्या ठोकणारं ते धूड, आणि ताई जेमतेम त्याच्या कमरेएवढ्या. महाळुंग्याच्या त्या कंपनीत मी माल तपासायला होते. सवत का म्हणता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, नवऱ्याच्या वाटणीचा सगळा येळ हिनंच खाल्ला. मग सवत न्हाई तर कोन?"

नवरा तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली गेला होता. लातूरकडे परत न जाता ताई इथेच राहिल्या, मुलीला शिकवलं, आणि प्रेसवर इतकी वर्षं काढल्यावर लाइन लीडर झाल्या. आमच्याकडे त्या जागेवर पहिलीच बाई. पुरुष त्यांचं ऐकायचे, कारण त्यांच्या जिभेला सगळेच टरकून असायचे. कुणी काम सोडून मोबाइल काढला की आवाज यायचा, "भाऊ, सासुरवाडीला आलाव का?"

आमच्याकडे खंडेनवमीला आपापल्या लाइनची पूजा लाइन लीडर करतो. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, मग नारळ. ताई लीडर झाल्या त्या वर्षी पूजेच्या आधी सुपरवायझर ताईंजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, मन मोठं करा. पूजेपुरता कुणा सवाष्णीचा हात लागू द्या. माझी मिसेस आलीच आहे."

ताईंनी आवाज मुळीच हळू केला नाही. "साहेब, वर्षभर माज्या हातानं चालती तवा बाटत न्हाई, आन् कुंकू लावल्यावर बाटती व्हय?"

आणि त्यांनी स्वतः पूजा केली, नारळ फोडला. सुपरवायझरच्या बायकोचं भरजरी पातळ एका कोपऱ्यात उभं राहिलं. पेढा सगळ्यांनी घेतला, पण पॅकिंगमधल्या दोघीतिघींनी तो न खाता रुमालात गुंडाळलेला मी पाहिला. बायकाच होत्या त्या. मला पुरुषांपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला.

दिवाळी झाली आणि प्रेस अवेळी खाली आली. अनिल नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं चेचली. रक्त पुसायच्या आत कुणीतरी म्हणालंच, "आम्ही सांगत होतो." ऑइल गळतंय म्हणून ताई गणपतीपासून ओरडत होत्या, ते मात्र कुणाला आठवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना पॅकिंगला बसवलं. "थोडे दिवस," म्हणे.

मी मॅनेजरशी भांडले. पुण्यात वाढलेला, इंग्रजी फाडणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, मी असलं काही मानत नाही हो. पण पोरं मानतात, त्याला मी काय करू?" न मानणाऱ्यांची ही जात मला मानणाऱ्यांपेक्षा वाईट वाटते. मानणारा निदान घाबरलेला तरी असतो.

पुढे बाहेरून मेकॅनिक आला. त्याने मशीन उघडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ऑइल अडवणारं सील झिजलंय, केव्हाच बदलायला हवं होतं. मी धावत पॅकिंगमध्ये गेले. ताई खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. ऐकून हात न थांबवता म्हणाल्या, "मंजी मशीन सुटलं. बरं झालं. आता मला कुनी सोडवायचं, मॅडम?"

कुणीच सोडवलं नाही. लाइनवर दुसरा लीडर आला आणि नव्या वर्षात ताईंनी कंपनी सोडली.

परवा त्या चऱ्होलीत भेटल्या. तिथल्या नव्या सोसायटीत घरोघर स्वयंपाकाची कामं करतात. केस पार पिकलेत. मी विचारलं, लोक कसे आहेत?

"ग्वाड हायेत बाया," त्या म्हणाल्या. "माज्या हाताला लै चव हाय म्हन्तेत. सनावाराचा निवद बी मलाच करायला लावतेत." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "देवापुढं ताट तेवढं त्या ठिवतेत."