गिअरात ठेवलेली गाडी

सनाचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या एका टोकाला, माबेलाच्या सुपरमार्केटमध्ये वांगी निवडत होतो. सना म्हणजे इब्राहिमभाईंची मुलगी. ती माझ्याशी हट्टानं मराठी बोलायला सुरुवात करते आणि अर्ध्या वाक्यात दमून इंग्रजीत उतरते. "अंकल, पप्पा सकाळी... पप्पा उठले नाही... ही इज गॉन, अंकल." मी "हो हो, येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पुन्हा वांगी निवडायला लागलो. देठ बघून, दाबून, एकेक. वजन करून घेतलं, रांगेत उभा राहिलो, पिशवी घेऊन गाडीत बसलो. वादी कबीरला, त्यांच्या घराकडे जाताना निम्म्या वाटेवर लक्षात आलं की बायको नागपूरला गेलेली आहे आणि मला वांग्याची भाजी येत नाही. तिथे कुठेतरी मला कळलं की इब्राहिमभाई गेले.

दफन अमरातला होतं, डोंगरापलीकडे. तिथेही मी माझी पातळी सोडली नाही. त्या दुपारी कबरस्तानात एकाच वेळी दोन दफनं चालली होती. मी डोक्याला रुमाल बांधून पहिल्या दिसलेल्या गर्दीत शिरलो आणि आधी आवरून धरलेलं सगळं तिथे सोडून दिलं. शेजारच्या एका वृद्ध ओमानी गृहस्थांनी मला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, अरबीत काहीतरी समजावलं. तेवढ्यात आमचा गॅरेजवाला सालिम धापा टाकत आला आणि माझी बाही ओढत कानात म्हणाला, "इंजीनियर, ये दूसरा आदमी है। अपना वाला उधर है।" म्हणजे मी रडलो ते कुणा अनोळखी आजोबांसाठी. आपल्या माणसाच्या कबरीशी पोचलो तेव्हा डोळे कोरडे झाले होते, आणि मी नुसती मूठभर माती टाकली. हे इब्राहिमभाईंना सांगता आलं असतं तर त्यांनी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ईदला, सांदणाची ताटली माझ्यापुढे सरकवताना, सगळ्यांसमोर सांगितलं असतं. आता सांगायला मीच उरलोय, आणि माझ्या तोंडून ते ऐकून कुणाला तितकंसं हसू येत नाही.

आमची ओळखही माझ्याच पराक्रमातून झाली. ओमानला आलो तेव्हा मी गिअरच्या गाडीचं लायसन्स काढायला निघालो होतो. त्या परीक्षेत गाडी चढावर थांबवायची असते आणि मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची असते. माझी गाडी दर वेळी मागे घसरली. शेवटच्या खेपेला परीक्षक पोलिसानं दार उघडलं, खाली उतरला आणि मला काहीही न बोलता पायी निघून गेला. मग मी गुपचूप ऑटोमॅटिकचं लायसन्स घेतलं. ते असलं की इथे गिअरची गाडी चालवायची परवानगी नसते, म्हणजे माझी लायकी सरकारी कार्डावरच छापलेली आहे. त्याच आठवड्यात वादी कबीरला स्पेअर पार्टच्या एका दुकानासमोर मी ब्रेक समजून दुसरंच काही दाबलं आणि गाडीचा मागचा भाग दुकानाच्या अर्ध्यावर ओढलेल्या शटरमध्ये घातला. आतून लुंगीवरचा एक जाडजूड माणूस शांतपणे बाहेर आला. शटर बघितलं, मला बघितलं. "दुकान उघडाच हाय," तो म्हणाला. "दार पाडायची गरज नव्हती." मी मराठीत माफी मागितली तसा त्याचा चेहरा उजळला. "कुठला तू?" "नागपूर." "मग बरोबर. तुमच्याकडं चढ नसतो." त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि माझी गाडी स्वतः बाहेर काढून दिली, कारण मला ती आणखी मागे नेण्याची भीती वाटत होती.

इब्राहिमभाई दापोलीकडचे. तरुणपणी आले, दुसऱ्याच्या दुकानात राबले, मग स्वतःचं दुकान थाटलं. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. समुद्रात बुडालेलं इंजिन वाळवून चालू केलं, एका शेखची गाडी नुसता आवाज ऐकून दुरुस्त केली, असलं बरंच. त्यातलं निम्मं जुबेदाभाभी स्वयंपाकघरातून खोडून काढायच्या. "तुमी तवा मुंबईत होताव," एवढंच म्हणायच्या, आणि शेखची गाडी बंद पडायची.

पण पिकअप ही थाप नव्हती. बरकाजवळच्या खजुराच्या बागेत तो त्यांना सापडला. सत्तरएक वर्षं जुना अमेरिकी पिकअप, चाकं नाहीत, इंजिन नाही, आत शेळ्या. मालकाला वाटलं, शेळ्या विकत मागतायत. त्या सांगाड्याचं हॉट रॉड करायचं त्यांच्या मनानं घेतलं. हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीचं अंग घ्यायचं, त्यात नको तेवढं मोठं इंजिन बसवायचं, सगळी जमिनीलगत आणायची आणि मग धडधडत हिंडायचं. इथे अशी गाडी रस्त्यावर आणायला परवानग्या लागतात, मुल्किया म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड लागतं, आणि ते या गाडीला मिळण्याची शक्यता फारशी नव्हती. ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी एकच धरून बसले होते. अमरातचा घाट. "खालून सुटायचा, सेकंडला घ्यायचा, वर पोचेपर्यंत थर्ड. मंग माथ्यावर थांबून सगळा मस्कत बघायचा. मीच चालवणार हा. तुना बाजूला बसवीन."

गाडी सालिमच्या गॅरेजात बांधायची ठरलं. सालिम बलुची वंशाचा ओमानी, आमच्याहून छान हिंदी बोलणारा, शर्यतीच्या गाड्यांचा वेडा. शुक्रवारी नमाजनंतर आम्ही तिघं तिथे जमायचो आणि भांडायचो. भांडण एकच: गिअर की ऑटोमॅटिक. सालिम ऑटोमॅटिकच्या बाजूनं. "आजकल ऑटोमॅटिक ही तेज़ है। आदमी का हाथ-पैर बीच में आता ही नहीं।" इब्राहिमभाईंना हे शेवटचं वाक्य फार लागायचं. "हातपाय मधी येत नाय, तर मंग गाडी कशाला? लिफ्टमधी जाऊन उभा राव. बटण दाब, वरती जा." माझं मत कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी ते दर शुक्रवारी द्यायचो. एकदा मी इंजिनीअरच्या थाटात सांगितलं की चढावर ऑटोमॅटिकचं तेल तापतं. सालिमनं विचारलं, "कौन से गियर में?" मी म्हणालो, तिसऱ्या. ऑटोमॅटिकला गिअर आपण टाकायचेच नसतात; दोघं इतके हसले की मला उठून बाहेर जावं लागलं.

भांडण नुसतं तोंडचं नव्हतं. त्या पिकअपची केबिन अरुंद. गिअरबॉक्स खालून वर येतो, त्यासाठी पायाशी तळाचा पत्रा कापावा लागतो. ऑटोमॅटिकचा डबा रुंद, त्याला मोठं भगदाड. गिअरच्या डब्याला लहान, पण मग क्लचच्या पेडलला जागा करायची. एकदा कापलं की कापलं. म्हणून सालिम कटर हातात घेऊन दर शुक्रवारी विचारायचा आणि दर शुक्रवारी कटर खाली ठेवायचा.

त्याच सुमारास इब्राहिमभाईंच्या डाव्या पायातली चप्पल निघायला लागली. दुकानाची पायरी उतरताना चप्पल वर राहायची आणि ते अनवाणी पुढे. आम्ही पोट धरून हसलो. त्यांनी चपलेला शिव्या दिल्या, दुसरी घेतली, तीही राहायला लागली. मग तपासण्या झाल्या. नसांचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि पुढे जे सांगितलं ते भाभींनी मला जिन्यात, हळू आवाजात सांगितलं. खालून वर चढत जातो... थांबत नाही... औषध नाही. त्या दिवशी जेवताना भाभी म्हणाल्या, "आता तरी त्या सालिमचा ऐका. ऑटोमॅटिक घ्या. डावा पाय लागत नाय त्याला." इब्राहिमभाईंनी घास खाली ठेवला. "ऑटोमॅटिक घेतला म्हंजे पाय गेला, असा मीच सांगितल्यासारखा होयल." त्या शुक्रवारी त्यांनी सालिमला खूण केली. सालिमनं पत्रा लहान कापला.

काही महिने गाडी गिअरची होती. घरी ते जेवणाच्या टेबलाखाली डाव्या पायानं भिंत दाबत बसायचे, क्लचची सवय म्हणून. सालिमनं पेडल हलकं करून दिलं, मग आणखी हलकं. एका शुक्रवारी ते आत बसले, पेडलवर पाय ठेवला आणि नुसते बसून राहिले. पाय पेडलवर होता, पेडल जागचं हललं नव्हतं. सालिम पलीकडे पाने पुसत राहिला. बऱ्याच वेळानं ते समोर बघत म्हणाले, "सालिम... बदल दे।"

ऑटोमॅटिकचा डबा शारजाहून यायचा होता. तो उन्हाळाभर आला नाही. कधी एक पार्ट चुकीचा, कधी सीमेवर अडकलेला. आला तेव्हा सालिमनं पत्रा मोठा कापून तो बसवला आणि इब्राहिमभाईंना चालवायला बोलावलं. तोवर ते चाकाच्या खुर्चीत होते. उजवा पायही गेला होता. ऑटोमॅटिकला निदान एक पाय लागतो... तेवढा एक त्यांच्याकडे उरला नव्हता. आम्ही गाडीभोवती उभे होतो. मी म्हणालो, "हातानं चालवायच्या गाड्याही असतात, भाई." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या शटरकडे पाहिलं होतं.

"परत गिअर घाल," ते सालिमला म्हणाले.

सालिमला वाटलं, आजार डोक्यात गेला. "भाई, कौन चलाएगा?"

"कोई नहीं।" मग माझ्याकडे वळून मराठीत: "पायासाठी ऑटोमॅटिक घेतला होता. आता मना चालवायचीच नाय, तर मंग तडजोड कशाला? जशी पायजे होती तशी होऊ दे." भाभी त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सना मला म्हणाली, "अंकल, प्लीज त्यांना सांगा ना, काय उपयोग आहे?" मी सांगायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. सालिमनं पत्र्याला ठिगळ मारलं, पेडल पुन्हा बसवलं, आणि एवढं करूनही ती गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर कधीच जाणार नव्हती.

शेवटचं त्यांना मी घराबाहेर पाहिलं ते तिथेच, सालिमच्या आवारात. सालिमनं त्यांना उचलून गाडीत बसवलं, उजवीकडच्या सीटवर. इथल्या गाड्यांत चालवणारा डावीकडे, म्हणून ती जागा माझ्या वाट्याला आली. आमच्या मधोमध गिअरचा दांडा. ठरलं असं की पाय माझे, हात त्यांचा. डाव्या हातात अजून थोडी ताकद होती. "दाब," ते म्हणायचे, मी क्लच दाबायचो, ते दांडा ढकलायचे. "सोड. हळू... इंजिनेर, हळू म्हणतो." गाडी हिसका देऊन बंद पडायची. पुन्हा. पुन्हा बंद. असं कितीतरी वेळा झालं. एकदा मी तिन्ही पेडलांवर एकाच वेळी कसा काय पाय ठेवला हे मलाच कळलं नाही. ते हसायला लागले आणि हसता हसता ठसका लागला, तो लवकर थांबेना; सालिम पाणी घेऊन आला. ठसका थांबल्यावर म्हणाले, "एकदा. नीट."

त्या वेळी गाडी सुटली. शेडपासून फाटकापर्यंतचं ते आवार, घाट कुठला, साधा रस्ताही नाही. इंजिनाच्या आवाजानं शेजारच्या टायरवाल्याचे लोक बाहेर येऊन बघायला लागले. इब्राहिमभाईंनी "दाब" म्हटलं, दांडा खाली ओढला, आणि क्षणभर गाडी सेकंडला चालली. लगेच भिंत आली. मी ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं. आवार थोडं उताराचं होतं, म्हणून मी हँडब्रेक ओढायला गेलो. "हँडब्रेकवर भरवसा ठेवू नुको," ते म्हणाले. "क्लच दाब." मी दाबला. त्यांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवला आणि दोन्ही हातांनी, दात आवळून, दांडा फर्स्टला ढकलला. "आता ऱ्हायल." मी पाय उचलला; गिअरनं गाडी उतारावर जागच्या जागी धरून ठेवली. सालिमनं त्यांना पुन्हा खुर्चीत ठेवलं. नंतर हात गेले, मग आवाज, आणि मग सनाचा तो फोन.

भाभींचा आणि सनाचा व्हिसा त्यांच्यावरच होता. दोघी दापोलीला चालल्यात. सना तिथे काय करणार, तिलाही माहीत नाही, मलाही नाही. मागच्या आठवड्यात भाभींनी विचारलं, "त्या गाडीचा काय?" घेणारा सालिमनं शोधला होता, सीबचा कुणीतरी. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावला, गिअरचा दांडा पाहिला आणि सालिमला म्हणाला की हे काढून ऑटोमॅटिक टाकू.

गाडी न्यायला ट्रेलर आला तेव्हा मी तिथे गेलो, उगाच. दोर अडकवून झाला. ट्रेलरवाल्यानं खिडकीतून हात घालून दांडा हलवून बघितला आणि म्हणाला, गिअरमध्ये आहे, अशी ओढता येणार नाही. सालिमनं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन बसलो. उजवीकडची सीट अजून मागे ढकललेली होती, त्यांना बसवताना ढकलली होती तशी. मी क्लच दाबला, दांड्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं जोर लावावा लागेल, निदान एवढं तरी... पण तो एका बोटानं निघाला. आवाजही झाला नाही. गाडी माझ्याखाली सैल झाली आणि भिंतीकडे सरकायला लागली. सालिमनं पळत येऊन चाकापुढे दगड लावला.