नारळाविना उडवलेला सुरुंग

सखारामाची बातमी आंबेनळी घाट उतरून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने पोलादपुरात आणली. मी दाढीला बसलो होतो. अर्धी झाली होती, ती पुरी करून घेतली आणि निघालो. सखाराम माझा चुलत भाऊ, माझ्याहून धाकटा. त्याने आधी जावं हे मला पटलेलं नाही, पण आता भांडू कोणाशी... महिना होत आला. मी दुसरी शिकलेला माणूस, येतं तसं लिहितो.

आमची वाडी कुडपणच्या बाजूला डोंगरावर होती. डोंगराच्या पोटात मोठी पोकळी, तिच्यात पाणी साठवायचं सरकारच्या मनात आलं. वरचा भार ती पेलेल, की वाडीसकट खाली बसेल, हे बघायला साहेब लोक आले. त्यांनी जमिनीत दोन खोल भोकं पाडली. एकात बारका सुरुंग उडवायचा, दुसऱ्यात दोरीने यंत्र सोडायचं. हादरा दगडातून यंत्राकडे कसा पोचतो त्याची रेघ कागदावर उमटायची. दगड सलग असला तर हादरा झटकन येतो, फुटका असला तर भेगांना वळसा घालून रखडत येतो. यंत्र सोडायचं काम सखारामाला मिळालं. तेवढा वेळ वाडीत कोणी कांडायचं नाही, पाय आपटायचा नाही, असा हुकूम. तो घरोघर दटावत फिरायचा आणि बायका त्याला साहेबाचा जावई म्हणायच्या.

रेघा आल्या त्या वेड्यावाकड्या. साहेब म्हणाला, खाली दगड फुटका दिसतो, वाडी उठवावी लागेल. त्या दिवशी सखाराम माझ्याकडे येऊन बसला. सुरुंगाची शिटी झाली की तो दर वेळी भोकाच्या तोंडाशी नारळ फोडत होता. जमीन भोसकायची आणि जागेच्या राखणदाराला काही द्यायचं नाही, हे आमच्यात कसं चालेल? तो दणका यंत्राने ऐकला असणार, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. सांगावं तर काम जाणार. मी म्हटलं, जाऊ दे काम, वाडी तर राहील. तो सांगून आला. साहेब रागावला नाही, नुसता डोकं धरून बसला म्हणे.

पुन्हा सुरुंग उडवला, नारळाविना. सगळी वाडी श्वास रोखून उभी. रेघ स्वच्छ आली. पण हादरा रखडतच आलेला... खाली दगड फुटका तो फुटकाच.

वाडी उठली, खाली पायथ्याला येऊन वसली. लोकांनी धरलं सखारामाला. शेवटच्या सुरुंगालाही नारळ दिला असता तर राखणदार कोपला नसता, म्हणायचे. पुढे सरकारचं मन फिरलं, पाणी साठवलंच नाही. डोंगर अजून जागेवर हाय. दर शिमग्याला कोणीतरी विचारायचंच, "सख्या, वाडी कधी बसणार रे?" मी अंगावर जायचो, तो मला मागे ओढायचा. एकदा म्हणाला, "दादा, मी वर जुन्या वाडीत जाऊन बघतो ना, तेव्हा माझं मलाच कळत नाय... ती खचलेली हवी, का उभी हवी."

बाराव्याला मी त्याच्या घरी मुक्कामाला राहिलो. निजानीज झाली तरी त्याची बायको दिव्यापाशी खोळंबलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भावजी, निजायच्या आधी ते रोज भुईला हात लावून बघायचे. मग 'हां' म्हणायचे. तेव्हा मी दिवा मालवायची."

माझे गुडघे आता वाकत नाहीत. तरी भिंतीला धरून खाली बसलो, सारवलेल्या भुईवर तळहात टेकला. मला काय कळणार होतं... थोडा वेळ थांबून म्हटलं, "हां."

तिने दिवा मालवला.